कालवं पहिल्यांदाच करताय? मग आधी सुकं करा

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यातलं मांस, इंग्रजीत ऑयस्टर. सुरुवात सुक्यापासून केलेली उत्तम. वाटणाचं कालवण, भजी, पुलाव नंतर येईलच. आधी कालव हाताळायला शिका.

कोकणात ओहोटीला खडकावरून फोडून काढलेली, सोललेली कालवं बाजारात वाट्यावर, म्हणजे छोटे ढीग लावून मिळतात. वास समुद्राचा हवा. आंबूस आला तर घेऊच नका, स्वस्त असली तरी. शिंपल्यासकट मिळाली आणि शिंपला उघडा असला, तर टिचकी मारून बघा. मिटला नाही तर टाकून द्या.

नव्या हातून या चुका हमखास होतात:

- कपची राहते. शिंपल्याचा बारीक तुकडा दाताखाली आला की जेवणाची मजाच जाते. एकेक कालव बोटांनी चाचपून थोड्याच पाण्यात धुवा. नळाच्या धारेखाली चव वाहून जाते.
- मीठ आधीच पडतं. कालवं मुळातच खारट. शेवटी चाखा, मग ठरवा.
- पाणी घालतात. कालवं स्वतःच भरपूर पाणी सोडतात.

भरपूर कांदा, लसूण, हळद, मसाला नीट परता, मगच कालवं टाका. कडा मुरडायला लागतात, तेव्हा बघत राहा. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं पुरतात. जास्त ठेवलीत तर रबर होतील, पण कच्ची मात्र अजिबात ठेवू नका, पोट बिघडतं. शेवटी तीन-चार आमसुलं आणि मूठभर ओलं खोबरं.

सोबत गरम तांदळाची भाकरी करा. पहिल्या खेपेला एकच वाटा आणा, पुरेल.