नगावर विणू नकोस

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

"मावशी, ऑर्डरी वाढवू की विणणंच बंद करू?" असं तू विचारलंस तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. दोन्ही करू नकोस. क्रोशे नगावर, म्हणजे एका नगाला इतके पैसे असं मोजून, विणू नकोस, एवढंच मला म्हणायचं आहे. ते फोनवर एका वाक्यात सांगून झालं असतं, पण तुझा चेहरा असा काही उतरला होता की मला चैन पडेना. म्हणून हे पत्र.

मुलगा असून क्रोशे विणतोस, मित्र काय म्हणतात, वगैरे तू बोललास. त्यावर मी शाई घालवणार नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसले ते पुरुषच. धोटा चालवणारा हात पुरुषाचा चालतो आणि सुई धरणारा चालत नाही, हे कुठलं शास्त्र? हसणाऱ्यांना हसू दे. पुढे.

तुझा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितला. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टचे क्रोशाचे ४० ससे, एकाला ६० रुपये. एक ससा करायला दीड तास जातो म्हणालास. सूत, आतला फायबर, डोळे, किचेनची कडी वजा केली की तासाला तीसेक रुपये राहतात. आता तुला वाटेल, मावशी म्हणणार की भाव वाढव. ते सांगायला मोबाइलमध्ये शंभर जण बसलेत. १५० लाव, डबी छान घे, वर रिबीन बांध. भाव वाढला तरी मोजणी तीच. चौथ्या सशापासून तू घड्याळ बघायला लागलास, हे तूच मला सांगितलंस. १५० रुपयांनी ते घड्याळ बंद होणार आहे का?

मी विडीच्या घरातली. आई मांडीवर सूप घेऊन बसायची. पान फर्म्यावर ठेवून कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. कारखान्यात विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, तपासले जायचे आणि पसंत न पडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडायच्या, त्यांचा पैसा नाही. वडील पॉवरलूमवर, तिथंही जेवढे नग निघतील तेवढी मजुरी. शेजारच्या पद्मशाली काकू मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. तेलुगूत बडबड चालू, हात चालू, आणि संध्याकाळी त्यांचीही मोजदाद. आमच्या गल्लीत हाताची हालचाल कुणाच्या ना कुणाच्या वहीत चढल्याशिवाय राहत नसे.

आईची एकच गोष्ट कुठल्या वहीत नव्हती. वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा, कडेनं आत आत येत जाणारा. वाकळ शिवताना ती गाणं म्हणायची, आनंदात असायची, असलं काही मी रंगवून सांगणार नाही. दमलेलीच असायची. पण ती मधेच थांबायची. सुई तशीच टोचून ठेवायची, शिवलेल्या भागावरून तळवा फिरवायची, एखादा तुकडा उचलून दुसरीकडे लावून बघायची. विड्या वळताना मी तिला असं थांबलेलं कधी बघितलं नाही.

ते थांबणं तू ६० रुपयांना विकलंस. नगावर विणू नकोस.

क्रोशात थांबण्यासारखं किती आहे ते तुला मी सांगायला नको, पण तू विसरलेला दिसतोस. साधी चकती घे. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात, ६ मुके खांब, म्हणजे बुटके टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, झाले १२. मग एकाआड एक वाढव, १८. मग २४, ३०. दर फेरीला ६ वाढत गेले तर चकती ताटासारखी सपाट पडते. कमी वाढवलेस तर कड आत वळते आणि वाटी होते. जास्त वाढवलेस तर कडेला झालर उठते, दाबून बसवली तरी बसत नाही. तुझ्या ऑर्डरच्या सशाला अशी झालर उठली असती तर तू काय केलं असतंस? चडफडत उसवलं असतंस आणि पुन्हा घड्याळ बघितलं असतंस.

कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या दायना तैमिना यांनी १९९७ साली हीच झालर मुद्दाम विणली. हायपरबोलिक प्रतल नावाचा, सगळीकडे मुरडत जाणारा पृष्ठभाग विद्यार्थ्यांना हातात धरून दाखवायचा होता, आणि कागद चिकटवून केलेले नमुने टिकत नव्हते. त्यांनी ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, हा एकच नियम धरून विणत नेलं. पृष्ठभाग आपोआप मुरडत गेला, कोबीच्या कुरळ्या पानासारखा. तू इंजिनिअरिंगचा, यातलं गणित तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला इतकंच दिसतं की चुकलेल्या झालरीकडे टक लावून बघायला त्या बाईला सवड होती. चाळीस नगांची ऑर्डर घेऊन बसलेल्याला ती नसते.

आणि उसवण्याचं तर काय सांगू. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका जिवंत असतो. सुई काढ, दोरा ओढ, सगळं सरसर सुटतं आणि दोरा जसाच्या तसा हातात परत येतो. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, शेकडो दोरे एकदम बांधलेले असतात, तिथं मत बदलायला वाव नाही. मशीनवरची 'क्रोशे लेस' म्हणून नवी पेठेत जी मीटरवर मिळते ना, ती बघ एकदा भिंगातून. दिसायला सारखी, पण वीण निराळी, तिच्यात एकाच वेळी पुष्कळ दोरे चालतात. उसवायची मुभा म्हणजे क्रोशातली अर्धी मजा. माझा पलंगपोस इतकी वर्षं चाललाय तो त्यामुळेच. चादरीच्या गावात बसून पलंगपोस विणते म्हणून लोक हसतात, हसोत. पण ज्याची उचल घेतलीय ते तुला उसवता येत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असतं. म्हणून म्हणते.

तू म्हणशील, तुला काय जातं बोलायला, तुझी पेन्शन चालू आहे. तेव्हा एक ऐक. आमच्या घरात ओढाताण होती त्या काळातली गोष्ट. ह्यांचा कारखाना आठवड्यातले निम्मे दिवस बंद, आणि मोठी दहावीला. माझं दारावरचं विणलेलं तोरण बघून एका दुकानदाराने दिवाळीसाठी पाहिजे तेवढी तोरणं घेतो म्हणून सांगितलं. भावही बरा होता. मी नाही म्हटलं. हे माझ्याशी किती दिवस बोलले नाहीत ते मी इथं लिहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "हिला मस्ती आलीय." मी मग गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातून काज-बटणाचं काम आणलं. तेही नगावरच! रात्री शर्टांच्या चळतीपुढे बसून बटणं लावली आणि त्यातून क्लासची फी निघाली, सगळी नाही, पण निघाली. शर्ट मी मोजले. तोरणं मोजली नाहीत.

मोठी अजून अधूनमधून ऐकवते, "आई, तेव्हा तोरणं केली असतीस तर मला चांगला क्लास लागला असता." ती चूक नाही. तोरणाला बटणापेक्षा जास्त पैसे मिळाले असते हेही खरं. तरी आज तशी वेळ आली तर मी पुन्हा बटणंच लावीन. बटणाचा कंटाळा आला तर बटण लावणं सोडता येतं. तोरणाचा कंटाळा आला असता तर दिवसाकाठी माझं म्हणून काय राहिलं असतं? वाईट एवढंच वाटतं, की हे तेव्हा मला असं नीट मांडता आलं नाही. मी नुसती तोंड फुगवून बसले आणि सगळ्यांना तो हट्ट वाटला. होताच हट्ट.

पैसे लागतात तर पैसे मिळव. शिकवण्या घे, कुणाच्या दुकानाचे हिशेब लिही, होटगी रोडला डिलिव्हरी कर. कामाला मी कधी नाक मुरडलेलं नाही. पण सुई त्यातून बाजूला ठेव.

दुसरंही एक आहे, आणि ते तुझ्या भल्यासाठी म्हणून सांगत नाही. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात बायका घरोघर क्रोशे लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती कला तिथं नेली, लेस परदेशी जाऊ लागली, आणि २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला आहे तसंच. पण विणणारीच्या हातात फार थोडं पडत आलं, कारण व्यापाऱ्याच्या लेखी ते घरबसल्या फावल्या वेळचं काम. हौसेचं काम म्हटलं की मजुरी पाडायला बरं पडतं. आता तू, ज्याच्या घरची चूल याच्यावर नाही, ६० रुपयांना ससा देतोस. तुझ्याच कॉलनीत एखादी बाई तसाच ससा २०० ला विकून घर चालवत असेल, तर तिच्या गिऱ्हाइकाला तू काय शिकवलंस? "तो पोरगा तर साठला देतो." बघ विचार करून. ज्यांना यावर पोट भरायचंय त्यांनी पूर्ण भावाने, ताठ मानेने विकावं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू त्यांच्या वाटेत येऊ नकोस.

फोटो टाकण्याबद्दल विचारलंस. टाक की. फक्त आमच्या वेळचं रुखवत आठव. पोरीचं लग्न ठरलं की सहा महिने आधीपासून रुमाल, तोरणं, मण्यांचे राघू, काचेच्या नळ्यांचे पडदे, आणि मग मांडवात बायका दोन बोटांत धरून गाठी उलट्या करून बघायच्या. किती मांडलं, कुणापेक्षा जास्त मांडलं. लग्नानंतर त्यातलं निम्मं ट्रंकेत पिवळं पडलं. लाईक मोजणं हेही नग मोजणंच झालं, पैसा मिळत नाही एवढाच फरक.

आता कामाचं. २३ ससे झालेत ना? तेवढे पोचवून ये, उरलेल्याची उचल परत कर. सरळ सांग, माझ्याच्याने होत नाही. कारण रंगवू नकोस, परीक्षा आहे, हात दुखतोय, असलं काही नको. हात दुखतो हे खरं असलं तरी. (तो दुखतो कारण तू सुई मुठीत आवळून धरतोस. पेनासारखी धरून बघ, नाही जमलं तर चाकूसारखी, पण सैल. आणि दोरा करंगळीवरून एक वेढा देऊन घे, म्हणजे ताण बोटं धरतील, मनगट नाही.) मित्र म्हणतील, "काय लगा, आलेलं गिऱ्हाईक सोडतोस?" म्हणू दे.

पुढच्या वेळी कुणी "कितीला?" विचारलं तर "विकायचं नाही" म्हण आणि विषय बदल. पहिल्या दोन-तीनदा जड जातं, समोरच्याला अपमान वाटतो. एखाद्याला द्यावंसं वाटलं तर देऊन टाक, पण तुझं तुला वाटलं तर. "मलाही एक करून दे ना" म्हणणाऱ्याला सुई आणि दोरा दे, साखळी शिकव. दहातले नऊ परत येत नाहीत. जो येईल त्याला माझ्याकडे घेऊन ये.

मे महिन्यात ॲक्रिलिक लोकर हातात धरू नकोस, घामाने चिकटते आणि सुईवर करकरते. टॉवेलच्या कारखान्यांतून उरलेले सुती कोन किलोवर मिळतात, गाठी असतात त्यात, पण सूत झकास. त्यातलं थोडं घे आणि काही ठरवू नकोस. चकती सुरू कर, वाटेल तिथं वाढव, वाटेल तिथं घटव. काय झालं ते मला दाखवलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
मावशी

ता. क. आजीच्या शालीचा पॅटर्न पाठवलास तो ब्रिटिश आहे, वर बारीक अक्षरात लिहिलंय. ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकनांचा सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. तू तिथं खांब, म्हणजे उंच टाका, घालत गेलास तर उंची भलतीच वाढेल. पहिल्या दोन ओळी उसवून पुन्हा घे.