प्रोबेशन (कायम होण्याआधीचा काळ) संपेपर्यंत पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कंपनीला लांबवता येतं का?

नाही. तुमच्या नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या कंपनीने 'सहा महिन्यांनी कायम झाल्यावर बघू' असं सांगितलं असलं, तरी कायद्यात प्रोबेशनला अशी सूट नाही. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पीएफसाठीचा पगार (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) १५,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामावर रुजू झालेल्या दिवसापासून तुम्ही पीएफचे सदस्य. कंत्राटदाराकडून आलेल्यांनाही हेच लागू. पगार त्याहून जास्त आणि आधी कधी पीएफ खातं नसेल, तर मात्र सक्ती नाही.

ईएसआयची नोंदणी तर अजिबात रेंगाळू देऊ नका. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर नोंदणी रुजू झाल्यापासून १० दिवसांत व्हायला हवी. प्रेस मशीनमध्ये हात अडकायला पहिला दिवसही पुरतो. कामावरच्या अपघाताच्या लाभासाठी आधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असावी लागत नाही, पण नोंदणीच नसेल तर ऐन वेळी घरच्यांनाच धावपळ करावी लागते. हे मला फार लागतं, कारण नवीन पोरांनाच मशीनची सवय नसते.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा: मालकाने उशिरा नोंदणी केली, तर मागच्या महिन्यांचा तुमचा पीएफचा हिस्सा तो नंतरच्या पगारातून कापू शकत नाही. तो त्यानेच भरायचा, वर व्याज आणि दंडही.

नेमणूकपत्र, हजेरी, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. आधी एचआरला लेखी विचारा. दाद नाही मिळाली तर पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा.