'बिन'ला कचरापेटी म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत करताना 'बिन'ला 'कचरापेटी' लिहिलं, तर एडिटर लोक हसले, मग लिहायचं काय?

हसणारच हो! त्यांचं सगळं शूटिंग त्या बिनमध्येच असतं. आपल्या डोक्यात बिन म्हणजे डस्टबिन, त्यात विंडोज ९५ पासून रिसायकल बिन रोज डोळ्यासमोर. पण हा बिन कम्प्युटरच्या आधीचा, फिल्म कापून चिकटवायच्या काळातला. कापडी अस्तर लावलेली एक मोठी पेटी, तिच्यावर चौकट, चौकटीला ओळीने बारीक खुंट्या, आणि फिल्मच्या कडेची भोकं त्या खुंट्यांत अडकवून शॉटच्या पट्ट्या टांगायच्या, दांडीवर साड्या वाळत घातल्यासारख्या, खालची टोकं कापडात पडली की ओरखडे येत नाहीत. म्हणजे टाकायची नाही, जपून ठेवायची जागा. १९८९ साली अ‍ॅव्हिड हे कम्प्युटरवर एडिटिंग करायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा संकलकांच्या हाताजवळचे असले शब्द त्याच्या स्क्रीनवरही आले.

नुसतं 'बिन' ठेवलं तर? बोलताना सगळे तेच म्हणतात, पण बटणावर एकटं 'बिन' वाचलं की मराठी माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो, बिनचूक, बिनविरोध, बिनडोक... 'फोल्डर'ही चालणार नाही कारण अ‍ॅव्हिडमध्ये फोल्डर वेगळा आणि त्याच्या आत बिन ठेवता येतात, दोघांना एकच नाव दिलंत तर गोंधळ. 'खण' मला आवडतो पण त्याने आधी चोळीचं कापडच आठवतं.

माझं मत 'कप्पा'. छोटा शब्द आहे, बटणात मावतो. शिवाय अ‍ॅव्हिडमध्ये एकाच स्टोरेजवर चार जण काम करत असले की एकाने उघडलेल्या बिनला बाकीच्यांसाठी कुलूप लागतं, ते बघता येतं पण त्यात बदल सेव्ह करता येत नाहीत, तिथे 'कप्प्याला कुलूप आहे' किती सरळ बसतं बघा, कचरापेटीला कुलूप कोण लावतं?

फक्त एक सांभाळा. प्रोग्रामर मंडळी मूळ शब्दाला 'मध्ये' जोडून वाक्य बनवतात, त्यातून 'कप्पामध्ये' असलं काहीतरी निघतं. 'कप्प्यात ठेवा' हे अख्खं वाक्यच त्यांच्या हातात द्या.