मूलनिवासी ज्ञान अभ्यासक्रमात आल्यामुळे मानसशास्त्राचे क्रेडिट विद्यापीठ नाकारील का?

तुम्ही ब्रिटिश कोलंबियातील एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहात आणि दोन वर्षांनी विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करण्याचा तुमचा विचार आहे. तुमच्या विभागाने अभ्यासक्रमात फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट या कॅनडातील मूलनिवासी समाजांचा इतिहास व ज्ञान आणण्यास सुरुवात केली आहे, म्हणून तुम्ही विचारले आहे की हे बदललेले कोर्स विद्यापीठ मान्य करील का, आणि इतक्या संस्थांमध्ये ही जुळवाजुळव नेमके कोण करते. मी याच प्रांतातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि आमच्या विभागाच्या वतीने विषय-समितीच्या बैठकांनाही जाते. थेट उत्तर असे की, कोर्सचा आशय बदलला एवढ्याच कारणावरून तुमचे क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचे श्रेयांक, जाण्याची भीती बाळगू नका. मात्र काही कोर्स 'मान्य' होऊनही पदवीच्या अटीत मोजले जात नाहीत, आणि लक्ष द्यायचे ते तिथे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. ब्रिटिश कोलंबियात 1989 पासून 'बी. सी. कौन्सिल ऑन ॲडमिशन्स अँड ट्रान्सफर' ही संस्था आहे; आम्ही सगळे तिला बीसीकॅट म्हणतो. ही संस्था कोणाला प्रवेश देत नाही आणि कोणत्याही विद्यापीठावर निर्णय लादत नाही. महाविद्यालय आपल्या कोर्सची आउटलाइन, म्हणजे विषय, पाठ्यपुस्तक, तासिका, मूल्यमापन आणि पूर्व-अटी यांचा तपशील, दुसऱ्या संस्थेकडे पाठवते. तिथला विभाग ती वाचून ठरवतो की हा कोर्स आपल्या अमुक एका कोर्सच्या तोडीचा आहे, की त्याला केवळ 'पहिल्या वर्षाचे मानसशास्त्र' असे मोघम क्रेडिट द्यायचे, की काहीच द्यायचे नाही. हा निर्णय, म्हणजेच दोन संस्थांमधला ट्रान्सफरचा करार, बी. सी. ट्रान्सफर गाइडमध्ये तारखांसह नोंदवला जातो आणि कोणालाही तो पाहता येतो. तुम्ही कोर्स ज्या सत्रात केलात त्या सत्रात लागू असलेली नोंद तुम्हाला लागू होते, त्यामुळे पुढच्या वर्षी करार बदलला तरी तुमचे आधीचे काम वाया जात नाही.

याखेरीज साठाहून अधिक विषयांच्या आर्टिक्युलेशन समित्या, म्हणजे संस्थांमधील कोर्सची जुळवाजुळव पाहणाऱ्या विषय-समित्या, आहेत आणि मानसशास्त्राचीही एक आहे. प्रत्येक संस्थेचा एक प्रतिनिधी तीत असतो. लँगारा, डग्लस, कॅमोसन, सेलकर्क, नॉर्थ आयलंड यांसारख्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि यूबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया), सायमन फ्रेझर, व्हिक्टोरिया, थॉम्पसन रिव्हर्स अशा विद्यापीठांचे प्रतिनिधी साधारणपणे वर्षातून एकदा एकत्र बसतात. समिती मतदान करून कोणाचा कोर्स मान्य करीत नाही. तो अधिकार ज्या त्या विभागाचाच राहतो. तरीही या बैठकीचे मोल मोठे आहे, कारण दूरच्या गावातील दोन-तीन प्राध्यापकांच्या विभागाला विद्यापीठाच्या अपेक्षा तिथे समोरासमोर विचारता येतात, आणि विद्यापीठालाही कळते की आपल्या एका अटीमुळे किती महाविद्यालयांना आपले वेळापत्रक मोडावे लागते.

मानसशास्त्रापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या वर्षाचा परिचय जवळपास सर्वत्र प्रत्येकी तीन क्रेडिटच्या दोन कोर्समध्ये विभागलेला असतो. यूबीसीत ते 101 व 102, सायमन फ्रेझरमध्ये 100 व 102, तर व्हिक्टोरियात 100ए व 100बी आहेत. मेंदू, संवेदन आणि स्मृती एका भागात, तर विकास, व्यक्तिमत्त्व, मनोविकार आणि सामाजिक वर्तन दुसऱ्या भागात, अशी ढोबळ वाटणी दिसते. पण कोणते प्रकरण कुठे घालायचे याबाबत संस्थांमध्ये फरक आहे, म्हणून दोन्ही कोर्स एकाच संस्थेत पूर्ण करणे शहाणपणाचे ठरते. दुसऱ्या वर्षी संशोधनपद्धती आणि सांख्यिकी हे दोन कोर्स सर्वांत निर्णायक असतात, कारण मानसशास्त्राच्या पदवीत पुढे जाण्याची वाट त्यांतूनच जाते.

आता बदलाकडे येऊ. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने 2015 मध्ये आपले काम पूर्ण करताना 94 कृती-आवाहने मांडली. सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांमध्ये ठेवले गेले होते आणि त्यांची भाषा, नाती व श्रद्धा तोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला होता, हे त्या आयोगाने हजारोंच्या साक्षींतून नोंदवले. या आवाहनांमध्ये वैद्यकीय, परिचर्या आणि विधी महाविद्यालयांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मानसशास्त्र विभागांचा तसा उल्लेख नसला, तरी कॅनडातील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये आयोगाला उत्तर देणारा अहवाल प्रसिद्ध करून आपल्या व्यवसायाची जबाबदारी मान्य केली. त्याच वर्षी खुले शैक्षणिक साहित्य काढणाऱ्या बीसीकॅम्पस या प्रांतातील संस्थेने अभ्यासक्रमात मूलनिवासी ज्ञान आणण्यासाठी प्राध्यापक, प्रशासक आणि अभ्यासक्रम रचणारे यांच्याकरिता खुल्या मार्गदर्शिका काढल्या, आणि 2019 मध्ये प्रांताने मूलनिवासींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा कायद्याने स्वीकारला. 2023-24 पासून शालान्त पदवीसाठीही मूलनिवासी विषयांवरचे चार क्रेडिट अनिवार्य झाले आहेत, म्हणजे वर्गात येणारे विद्यार्थी आता काही जाणून येतात.

मात्र हे केवळ धोरणाच्या दडपणाने होत आहे असे समजू नका. ते मानसशास्त्राच्या पोटातूनच आलेले काम आहे, आणि हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुद्धिमापन शिकवताना शेजारच्या अल्बर्टा प्रांताचा 1928 ते 1972 पर्यंतचा आणि ब्रिटिश कोलंबियाचा 1933 ते 1973 पर्यंतचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा वगळला, तर विद्यार्थ्याला बुद्ध्यंक म्हणजे एक निरुपद्रवी आकडा वाटतो. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या आधारे माणसांचे मूल होण्याचे हक्क काढून घेतले गेले आणि अल्बर्टात त्यात मूलनिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. संशोधनाची नीती शिकवताना आपण अमेरिकेतील उदाहरणे देतो. पण 1940 च्या दशकाच्या अखेरीस सहा निवासी शाळांतील कुपोषित मुलांवर संमतीविना आहाराचे प्रयोग झाले आणि त्यांतील एक शाळा व्हँकुव्हर बेटावरच्या अल्बर्नीची होती. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी 2013 मध्ये ते उजेडात आणले. कॅनडाच्या संशोधन-नीती धोरणात मूलनिवासी समाजांसोबतच्या संशोधनावर नववे प्रकरण का आहे, हे या इतिहासाशिवाय समजत नाही, आणि ते प्रकरण कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधनपद्धती कोर्समध्ये चालणारेच आहे.

याहून मोलाचे उदाहरण मायकेल चँडलर आणि क्रिस्तोफर लालोंद या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचे आहे. एक यूबीसीत, दुसरे व्हिक्टोरियात. या प्रांतात दोनशेच्या आसपास फर्स्ट नेशन्स आहेत. 'मूलनिवासी तरुणांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण फार आहे' असे सरसकट वाक्य पाठ्यपुस्तकांत येत असे. या दोघांनी ते आकडे समाजागणिक फोडून पाहिले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसले की काही समाजांत हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट आहे, तर काहींत अशा आत्महत्या जवळजवळ नाहीतच. स्वशासन, जमिनीच्या हक्कासाठीचा लढा, स्वतःच्या हातातील शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन सेवा आणि सांस्कृतिक वास्तू हे सहाही घटक जिथे होते, तिथे अभ्यासाच्या पाच वर्षांत एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. 2007 मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांसोबतच्या निबंधात असेही आढळले की, ज्या समाजात निम्म्याहून अधिक लोक आपल्या भाषेत संभाषण करू शकतात तिथे हे प्रमाण फार कमी असते. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे अर्थातच वर्गात सांगावे लागते. पण सरासरीने काय झाकले जाते, समाजाचे सातत्य आणि व्यक्तीचे 'स्व' यांचे नाते काय असते, आणि एखाद्या समाजाला केवळ त्याच्या दुःखाने ओळखणे किती चुकीचे आहे, हे तिन्ही धडे एका अभ्यासातून शिकवता येतात. सांख्यिकी शिकवण्यासाठी तो अभ्यास म्हणजे उत्तम उदाहरण आहे. तो शिकवल्याने कोर्स 'सौम्य' होतो असे म्हणणाऱ्याने तो वाचलेला नसतो.

उलट्या बाजूचा धोकाही सांगते. उत्साहाच्या भरात मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी गरजांचा पिरॅमिड ब्लॅकफूट लोकांच्या तंबूवरून उचलला, असा दावा स्लाइडवर येतो. मास्लो 1938 मध्ये अल्बर्टात ब्लॅकफूट लोकांपैकी सिक्सिका समाजात राहिले होते हे खरे. परंतु पिरॅमिडची आकृती त्यांनी स्वतः काढलेलीच नव्हती आणि तंबूच्या दाव्याला आधार नाही. सिक्सिका समाजात त्यांनी काय पाहिले हे अवश्य शिकवावे, पण आदर दाखवण्यासाठी कच्चा पुरावा वापरला तर आपण त्याच लोकांचे नुकसान करतो.

आता खरा पेच. ट्रान्सफरची सारी व्यवस्था सारखेपणावर उभी आहे: कमलूप्समधला कोर्स आणि व्हँकुव्हरमधला कोर्स एकमेकांच्या जागी चालले पाहिजेत. मूलनिवासी ज्ञान मात्र त्या भूमीचे आणि त्या लोकांचे असते. या प्रांतात तीसहून अधिक मूलनिवासी भाषा आहेत. कमलूप्सकडच्या सेक्वेपेम्क समाजाच्या ज्येष्ठांनी जे शिकवले ते व्हँकुव्हरमध्ये मस्क्वियम समाजाच्या भूमीवर जसेच्या तसे वाचून दाखवणे योग्य नाही, आणि काही कथा सांगण्याचा अधिकार ठरावीक कुटुंबांकडेच असतो. त्यामुळे सर्व महाविद्यालयांनी वापरायचे एकच 'मूलनिवासी प्रकरण' तयार करावे, ही वरकरणी सोयीची सूचना मला पटत नाही, आणि बैठकांतही मी तिला विरोध केला आहे. समान ठेवायचे ते शिकण्याचे उद्दिष्ट. विद्यार्थ्याला निवासी शाळांचे मानसिक परिणाम पुराव्यानिशी मांडता आले पाहिजेत, चाचणी कोणत्या समाजासाठी प्रमाणित झाली हे विचारता आले पाहिजे, मूलनिवासी समाजाच्या माहितीवर मालकी त्या समाजाची असते हे तत्त्व त्याला समजले पाहिजे. हे कोणत्या उदाहरणांतून शिकवायचे, ते प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या शेजारच्या समाजाशी बोलून आणि त्यांच्या ज्येष्ठांना योग्य मानधन देऊन ठरवावे. आउटलाइन वाचणाऱ्या विद्यापीठानेही प्रकरणांची यादी ताडण्याऐवजी ही उद्दिष्टे ताडली, तर दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. मेरिट या गावातले निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे मूलनिवासींच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक महाविद्यालय आहे आणि त्याचे कोर्स त्याच ट्रान्सफर गाइडमध्ये नोंदवलेले असतात. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

तुमच्यासाठी यातून निघते ते असे. परिचय, सांख्यिकी आणि संशोधनपद्धती या जुन्या क्रमांकाच्या कोर्समध्ये आशय बदलला असेल, तर सहसा करार कायम राहतो आणि बदल मोठा असल्यास विभागच तो पुन्हा पाठवतो. पण 'मूलनिवासी मानसशास्त्र' यांसारखा अगदी नवा कोर्स असेल आणि विद्यापीठात तसा कोर्सच नसेल, तर त्याला बहुधा मोघम क्रेडिट मिळते. ते पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये धरले जाते, मुख्य विषयाच्या ठरावीक अटीत धरले जाईलच असे नाही. महाविद्यालयातून साधारणपणे 60 पर्यंतच क्रेडिट नेता येत असल्याने ही बाब आधी पाहावी लागते. असा कोर्स घेऊ नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. ऐच्छिक कोर्सच्या जागेत तो घ्या, आणि जमल्यास अवश्य घ्या. तुम्ही पुढे समुपदेशन किंवा बालविकास या क्षेत्रांत काम करणार असाल, तर इतर कोणत्याही ऐच्छिक कोर्सपेक्षा तो तुमच्या उपयोगी पडेल.

नोंदणी करण्यापूर्वी ट्रान्सफर गाइडमध्ये आपल्या महाविद्यालयाचा कोर्स टाकून, तुम्हाला जायचे आहे त्या प्रत्येक विद्यापीठासमोरची नोंद वेगवेगळी पाहा, कारण एकच कोर्स एकीकडे नेमक्या क्रमांकाचा तर दुसरीकडे मोघम ठरू शकतो. क्रेडिट मान्य होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. प्रवेश गुणांवरच ठरतो. प्रत्येक सत्राची सविस्तर आउटलाइन पीडीएफ स्वरूपात जपून ठेवा, कारण नोंद नसलेल्या किंवा प्रांताबाहेरच्या संस्थेकडे अर्ज करताना तिथला विभाग तीच मागतो. एखादी नोंद चुकीची वाटली तर आधी आपल्या विभागाच्या समिती-प्रतिनिधीला लिहा. विद्यापीठाच्या विभागाकडे ती शंका नेणे हे त्याचेच काम आहे.