‘मीडियम’ म्हणून घेतलेली गादी कडक निघाली, दुकानदार परत घेत नाही

प्रश्न : आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, वजन जेमतेम ४६ किलो. त्या कुशीवरच झोपतात आणि कंबर व खांदा दोन्ही दुखतात. त्यांच्यासाठी ठाण्यातल्या एका दुकानातून लेटेक्सची गादी घेतली. पलंग सुताराकडून घरीच करून घेतलेला, ७३ बाय ४१ इंचांचा, त्यामुळे मापाप्रमाणे ऑर्डर द्यावी लागली. दुकानात त्यांना झोपवून पाहिलं होतं, ‘मीडियम’ त्यांना आवडली. मिस्टरांच्या नावावर २७,५०० रुपयांचं बिल आहे. बारा दिवसांनी गादी आली ती फळीसारखी कडक. चौथ्या दिवशी मी व्हॉट्सअॅपवर कळवलं, तर “लेटेक्स आधी कडकच लागतं, महिनाभर वापरा” असं उत्तर आलं. आता सहा आठवडे झाले, तर दुकानदार म्हणतो की मापाची गादी परत घेत नाही, तुम्ही ती वापरलीही आहे आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. गादी आली तेव्हा चलनावर मुलाने ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही केली आहे. सासूबाई सध्या खाली सतरंजीवर झोपतात. आम्हाला काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. पण तक्रार कशी मांडता यावर सगळं अवलंबून आहे. “गादी कडक आहे, परत घ्या” ही तक्रार कायद्यात फार टिकत नाही. कडक-मऊ हा आवडीचा प्रश्न आहे, असं दुकानदाराचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणेल. तुम्ही स्वतः कडक गादी निवडली असती आणि नंतर ती मानवली नसती, तर मीही तुम्हाला घरी बसायला सांगितलं असतं. तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला दाखवली एक आणि दिली दुसरी. नोटिशीपासून शेवटच्या युक्तिवादापर्यंत हेच एक वाक्य धरून ठेवा.

नोटीस लिहिण्याआधी या शनिवार-रविवारी घरी एक काम करा. गादीच्या कव्हरला चेन असेल तर ती पूर्ण उघडा आणि आत काय आहे ते दिवसाच्या उजेडात बघा, फोटो काढा. खरं लेटेक्स दुधाळ, किंचित पिवळसर असतं, त्याला ओळीने छोटी गोल भोकं असतात आणि बोटाने दाबलं की लगेच वर येतं. आपल्याकडे ‘लेटेक्स गादी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाद्यांमध्ये वर एक-दोन इंच लेटेक्स असतं आणि खाली तपकिरी काथ्या किंवा रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला फोम. अशी गादी उलटी टाकली गेली असेल तर ती फळीसारखीच लागणार. काही गाद्या मुळातच एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने कडक अशा बनवतात. तसं असेल तर गादी उलटा, आठवडाभर बघा, कोर्टकचेरी वाचेल. पण सहा इंचांची लेटेक्स गादी सांगून आत चार इंच काथ्या निघाला, तर तुमची बाजू दुपटीने भक्कम होते, कारण मग प्रश्न फक्त कडकपणाचा उरत नाही, वर्णनाप्रमाणे माल न दिल्याचा होतो.

पलंगाची फळीही लक्षात घ्या. सामान ठेवायच्या पेटीपलंगावर सलग प्लायवूड असतं आणि दुकानात गादी बऱ्याचदा पट्ट्यांच्या पलंगावर मांडलेली असते. त्यामुळे थोडा फरक पडतो. दुकानदार हा मुद्दा काढणारच, म्हणून गादी फरशीवर आणि पलंगावर, दोन्हीकडे तपासून ठेवा.

आता ‘मीडियम’ या शब्दाबद्दल. हा शब्द प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने वापरते, एकाचं मीडियम दुसऱ्याचं कडक असू शकतं. फोमचा कडकपणा मोजायला मात्र एक आकडा आहे, त्याला आयएलडी म्हणतात. चार इंच जाडीच्या तुकड्यावर पन्नास चौरस इंचांची चकती ठेवून ती पाव जाडीइतकी, म्हणजे एक इंच, खाली दाबायला किती पौंड जोर लागतो, तो हा आकडा. साधारणपणे विशीच्या आसपासचं लेटेक्स मऊ, २५ ते ३० मध्यम आणि ३५ च्या वरचं कडक धरतात. विक्रेते बोलता बोलता घनता सांगतात, पण घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे ते. त्यावरून कडकपणा नेमका कळत नाही. तुमच्या दुकानदाराला लेखी विचारा : दाखवलेल्या गादीचा आयएलडी किती, दिलेल्या गादीचा किती? उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर विचारूनही सांगितलं नाही, हे ग्राहक आयोगापुढे मांडता येतं.

घरगुती तुलनाही करून ठेवा. एक सपाट थाळी आणि १० किलो कणकेची पिशवी घ्या. थाळी गादीच्या मधोमध ठेवून त्यावर पिशवी ठेवा, बाजूला आडवी काठी धरून थाळी किती खाली गेली ते पट्टीने मोजा आणि सलग व्हिडिओ काढा. मग तीच थाळी आणि तेच वजन घेऊन दुकानात दाखवलेल्या नमुन्यावर मोजा. दुकानदाराने मोजू दिलं नाही तर त्याच दिवशी “आज आम्ही तुलना करायला आलो, तुम्ही नकार दिलात” असा संदेश पाठवा. हा काही प्रयोगशाळेचा अहवाल नाही, पण डोळ्यांना दिसणारा फरक कुणाच्याही लक्षात राहतो.

कायदा काय म्हणतो ते आता सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(१०) ने ‘दोष’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. लोकांना वाटतं, फाटलं, तुटलं, खराब झालं तरच दोष. तसं नाही. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेल्या दर्जापेक्षा माल कमी पडला, तरी तो दोष ठरतो. ‘कोणत्याही प्रकारे’ या दोन शब्दांमध्ये दुकानातल्या विक्रेत्याचं बोलणं येतं, व्हॉट्सअॅपवरचं ‘मीडियम कन्फर्म’ येतं आणि नमुन्यावर चिकटवलेली पट्टीही येते. त्या नमुन्याचा फोटो तुमच्याकडे नसेल तर आजच जाऊन काढा.

वस्तू विक्री कायदा, १९३० मधली तीन कलमं तुमच्या कामाची आहेत. कलम १५ : वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम १७ : नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याशी जुळला पाहिजे. आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम १६(१) : खरेदीदाराने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या गरजेला योग्य असेल अशी अट कायदाच धरून चालतो, बिलावर लिहा अथवा लिहू नका. “सासूबाई सत्तरीच्या, बारीक, कुशीवर झोपतात, कंबर दुखते” हे तुम्ही दुकानात सांगितलं होतं ना? मग नोटिशीत ते शब्दशः लिहा, कोण हजर होतं तेही लिहा. एक खबरदारी : तुम्ही एखाद्या कंपनीचं ठराविक मॉडेल नावानिशी मागितलं असेल, तर १६(१) चा आधार सुटू शकतो, कारण मग निवड तुमची ठरते. अशा वेळी कलम १५ आणि १७ वर भर द्यायचा.

“पाठीसाठी कडकच चांगली” असा युक्तिवाद हमखास येईल. त्याला उत्तर तयार ठेवा. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम-कडक गादी देऊन तीन महिने पाहिलं, आणि मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. शिवाय ४६ किलोचं माणूस कडक लेटेक्समध्ये पुरेसं रुततच नाही. कुशीवर झोपलं की सगळा भार खांद्याच्या आणि खुब्याच्या टोकावर येतो. तुमच्या डॉक्टरांनी त्रासाबद्दल दोन ओळी लिहून दिल्या तर त्या जोडा.

आता दुकानदाराची चार उत्तरं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला सदोष मालाच्या बाबतीत काही अर्थ नाही. उलट सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं आणि त्याचे पैसे न देणं, ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘मापाची गादी’ हे उत्तर अर्धं खरं आहे. ‘शंभर रात्री वापरून बघा’ यासारख्या सवलती दुकान स्वतःहून देतं, त्यातून ते मापाची गादी वगळू शकतं. पण दोषाची जबाबदारी कायद्याने येते, ती मापावरून टळत नाही. तुम्ही ७३ बाय ४१ हे माप दिलंत, कडकपणा बदलायला सांगितलं नव्हतं. चलनावरच्या सहीचं म्हणाल तर, पाच मिनिटांत जिन्यात गादी घेणाऱ्या मुलाला फार तर ती भिजलेली-फाटलेली नाही एवढंच कळतं. न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत, हे १९३० च्या कायद्याचं कलम ४१ आहे. आणि ‘वापरली’ या मुद्द्यावर तुमचा चौथ्या दिवसाचा संदेश तुम्हाला वाचवतो. त्यानंतर तुम्ही वापरत राहिलात ते दुकानदारानेच महिनाभर वापरा म्हटलं म्हणून.

तो संवाद कृपा करून पुसू नका, फोन बदलू नका. तो छापून त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे ही नक्कल कोणत्या फोनमधून कशी काढली ते सांगणारं, प्रमाणपत्र जोडा. आणि गादी कुणाला देऊ नका, भंगारात तर मुळीच नाही. माझ्या एका अशील बाईंनी जागा अडते म्हणून वादातला सोफा गावी पाठवून दिला होता. केस चांगली होती, पण तपासायला वस्तूच उरली नाही. मुंबईच्या घरात एक जादा गादी उभी करून ठेवणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे, तरी ठेवा. जुन्या चादरीत गुंडाळून कोरड्या भिंतीला टेकवा, उन्हात टाकू नका, उन्हाने लेटेक्स चुरचुरीत होतं.

नोटीस मिस्टरांच्या नावाने, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. १५ दिवसांची मुदत द्या. मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा : नमुन्याप्रमाणे मध्यम गादी त्याच मापात, नेण्या-आणण्याच्या खर्चासह, नाहीतर २७,५०० रुपये व्याजासह परत. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच दुकानं तिथूनच वाटेवर येतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे, त्यांच्याकडूनही मार्गदर्शन घेता येईल.

तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान ठाण्यात असलं तरी तुम्हाला ठाण्याला खेटे घालायला नकोत. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो, म्हणून सासूबाईंनाही तक्रारदार करा. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण इतकं थांबू नका. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो, म्हणून ही मागणी सुरुवातीलाच तक्रारीत लिहा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर गादी बदलून, पैसे परत, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असं मिळू शकतं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांचा काळ सांगितला आहे, प्रत्यक्षात जास्त लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

ज्यांनी अशी गादी ऑनलाइन घेतली असेल त्यांच्यासाठी एवढंच : २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

नोटीस गेल्यावर दुकानदार बहुधा तडजोडीला येईल आणि वर टाकायला दोन इंचांचा मऊ लेटेक्सचा थर फुकट देतो म्हणेल. रागाच्या भरात लगेच नाही म्हणू नका. आतला गाभा खरंच लेटेक्सचा निघाला असेल, तर सासूबाईंच्या वजनाला तेवढा थर पुरेल अशी बरीच शक्यता आहे आणि त्यांचं सतरंजीवर झोपणं आठवड्याभरात थांबेल. फक्त तो थर आधी दहा रात्री वापरून बघणार, नाही मानवला तर मूळ मागणी कायम, हे त्याच्या सहीने लिहून घ्या. आत काथ्या निघाला तर मात्र ही तडजोड घेऊ नका.