स्प्रिंग टाकली की जाळी बसवली?

प्रश्न असा आलाय: नागपुरात जो तो ‘स्प्रिंग टाकली’ म्हणतो. स्टेंटला, म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या धातूच्या जाळीदार नळीला, हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘फुगणारा स्टेंट’ म्हटलं तर चालेल का?

आधी दुसरं. स्टेंट फुगत नाही. फुगतो तो त्याच्या आतला फुगा, स्टेंट फाकतो. शब्द जरा गावठी वाटेल, पण घडतं तेच. पाल्माझ या डॉक्टरांनी केलेल्या स्टेंटच्या नळीला एकाआड एक चिरा होत्या. दिवाळीच्या कंदिलासाठी घडीच्या कागदाला आपण कात्रीने आलटून-पालटून चिरा मारतो आणि ओढला की त्याची जाळी होते ना, अगदी तसं. आत फुगा फुगला की एकेक चीर शंकरपाळ्यासारखी उघडायची. त्यांना ही कल्पना गिलाव्याखाली ठोकायच्या धातूच्या जाळीवरून सुचली होती! आता लेसरने कापलेली नागमोडी कडी असतात, पण फाकणं तेच.

आता स्प्रिंग. धंतोलीतल्या दवाखान्यांसमोरच्या टपरीवर ‘मामाले दोन स्प्रिंगा टाकल्या’ हे इतक्यांदा कानावर पडतं, की चूक म्हणायला जीभ रेटत नाही. डॉटर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली कुत्र्यांच्या धमन्यांत बसवून पाहिली ती खरोखर तारेची गुंडाळीच होती. पण हृदयाच्या धमनीत आज साधारणपणे जे बसवतात, त्याचा गुण नेमका उलटा. स्प्रिंग सोडली की मूळ जागी येते. इथे फुगा काढून घेतल्यावर धातूने फाकलेलंच राहायचं असतं. किंचित मागे येतो तो दोष. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीत मात्र बहुधा नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा स्टेंट घालतात. तो आवरणात दाबून नेतात, आवरण मागे ओढलं की आपोआप उघडतो. पाय वाकला, बाहेरून दाब आला, तरी पुन्हा आकार घेतो. त्याला खुशाल स्प्रिंग म्हणा.

म्हणजे हृदयासाठी माझं मत ‘जाळी’ला.

काहींना संस्कृत प्रतिशब्द हवा असतो. मला गरज दिसत नाही. इंग्रजीतही ‘स्टेंट’ला स्वतःचा अर्थ नाही, चार्ल्स स्टेंट या दंतवैद्याचं ते आडनाव, आणि त्याने सुधारलं ते दातांचा साचा घ्यायचं मिश्रण. लिंग पुल्लिंगी: तो स्टेंट, दोन स्टेंट. ‘स्टेंट्स’मधला शेवटचा स तेवढा काढा.