बहिणीच्या मुलीला रागवू कसं?

"ताई, बहिणीची मुलगी सांभाळते मी. चुकली तरी तिला बोलायला तोंडातून शब्द फुटत नाही. तिला रागवू कसं?"

उत्तर गोव्यात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या माणसांकडून ऐकते. कधी नातवंडं सांभाळणारी आजी विचारते, कधी काकू, कधी दत्तक मूल घरी आणलेली आई. भीती सगळ्यांची एकच असते. आपण आवाज चढवला तर मूल मनात म्हणेल, माझी आई असती तर अशी बोलली नसती. आणि मुलाच्या आधी शेजारी म्हणतील.

गोव्यात अशी घरं पुष्कळ आहेत. वडील बोटीवर, आई आखातात नोकरीला किंवा आजारात गेलेली, आणि मूल आजोळी. नात्यातलं मूल वाढवणं आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाची मदत घ्यावी असं सहसा वाटतच नाही. म्हणून सत्तरी तालुक्यातल्या एका मावशीची गोष्ट जरा सविस्तर सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भाचीला आपण तनू म्हणू.

तनू ९ वर्षांची. आई कर्करोगानं गेली. वडील क्रूझवर कामाला. आठ-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, मग थोडे दिवस घरी. आई गेल्यावर ती आधी पेडण्याला वडिलांच्या आईकडे राहिली. काही महिन्यांनी तिला मावशीकडे आणलं. मावशीला स्वतःचा ७ वर्षांचा मुलगा.

सुरुवातीला सगळं घर खूश होतं. पोर इतकी शहाणी की पाणी प्यायलाही विचारायची, "मावशी, पाणी घेऊ?" ताटात पडेल ते खायची, सांगितलं की झोपायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे. हे ऐकताना मला मात्र काळजी वाटली. आई गेलेली एवढी मुलगी महिनोन् महिने एकदाही हट्ट करत नाही, भावंडाशी भांडत नाही, तेव्हा ती सावरली असं मी धरून चालत नाही. पुष्कळदा ती नव्या घराचा अंदाज घेत असते.

पाऊस लागला आणि चित्र बदललं. मावशीच्या पर्समधले पैसे कमी होऊ लागले. धाकट्याची चित्रकलेची वही फाटलेली सापडली. तनूच्या उशीखाली बिस्किटं आणि चपातीचे तुकडे, त्यांना मुंग्या लागलेल्या. मावशीनं मुंग्या झाडल्या, चादर बदलली आणि एक शब्द बोलली नाही.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. मूळ घरी दीर-जावा, पोरंबाळं, सगळे जमलेले. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाली होती. दुपारी तनू स्टुलावर चढली आणि तिनं माटोळी हिसडली. आंबाडे, कांगण्या, सुपारीचा घोस, सगळं खाली. तवशी फुटून तिच्या बिया मखरापर्यंत उडाल्या. सगळं घर मावशीच्या तोंडाकडे बघत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आईवेगळं पोर, राहू दे." मावशीनं वळून स्वतःच्या मुलाला धपाटा घातला, "तू इथेच होतास ना? तुला लक्ष ठेवायला काय झालं?"

त्यावर तनू किंचाळली, "मी पाडली! मला का नाही बोलत तुम्ही?"

चवथ उरकल्यावर मावशी माझ्याकडे आली ती रडतच. "ताई, आजवर तिला बोट लावलं नाही, मोठ्यानं बोलले नाही, तरी ही अशी का वागते?" तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या 'तरी'मागे होतं, पण ते मी सांगण्यापेक्षा तनूकडूनच यायला हवं होतं.

तनूशी एकटीशी बोलताना मी आई, आठवण, दुःख यातलं काहीच आधी काढलं नाही. मुलं अशा प्रश्नांना मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात. मी म्हटलं, तुमच्या घरातले नियम सांग बघू. तिनं भराभर सांगितले. अभ्यास झाल्याशिवाय टीव्ही नाही. आपलं ताट आपण धुवायचं. संध्याकाळी दिवा लावायच्या आत घरी. पाव आणायला सायकलवाल्या पोदेराच्या मागे रस्त्यावर धावायचं नाही. मी विचारलं, हे सगळे नियम तुलाही? ती म्हणाली, "नाही, ते त्याचे. मला नियम नाहीत."

"मग मजा आहे की तुझी."

ती टेबलाची कड नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "पाहुण्यांना नसतात नियम."

पुढच्या भेटींत बाकीचं हळूहळू कळलं. पेडण्याच्या आजीकडे असताना तिनं एकदा शेजारच्या मुलीला ढकललं होतं, त्या मुलीच्या कपाळाला खोक पडली, बोलाबोली झाली. त्यानंतर आठ-दहा दिवसांत तिला मावशीकडे आणलं. तनूच्या हिशेबात हे सरळ होतं: मस्ती केली, म्हणून आजीनं पाठवून दिलं. खरं कारण होतं आजीचे गुडघे. तिला जिना चढवेना, शाळेत पोचवायला जमेना. पण हे तनूला कुणी सांगितलंच नव्हतं. पोराला काय कळतं, म्हणून मोठी माणसं आपापसात ठरवतात आणि पिशवी भरतात. कारण सांगितलं नाही की मूल स्वतः शोधतं, आणि ते बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याच चुकीत त्याला सापडतं. आई जायच्या आदल्या आठवड्यात आपण इस्पितळात यायला नको म्हटलं होतं, हेही तिच्या त्याच हिशेबात जमा होतं.

मग पैसे, वही, माटोळी यांचा अर्थ लागायला लागतो. किती मोठी चूक केली की हे लोकही पाठवतील, हे ती तपासून बघत होती. मावशी जितकी गप्प, तितकी तनूची खात्री होत होती की आपल्याला इथे ठेवायचं नाही, म्हणून कुणी मनाला लावून घेत नाही. धाकट्याला रोज ओरडा बसतो आणि रोज रात्री तो आईला बिलगून झोपतो, हे ती बघत होती. रागावल्यानंतरही माणूस सोडत नाही, हा अनुभव तिला त्या घरात एकदाही आला नव्हता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तऱ्हांवर काम केलं. माया आणि ठाम नियम दोन्ही मिळणारी मुलं नुसत्या धाकात किंवा नुसत्या मोकळिकीत वाढणाऱ्यांपेक्षा जास्त सावरलेली असतात, असं त्यांना दिसलं. आईवेगळ्या मुलाच्या बाबतीत आपण मायेची बाजू भरभरून वाढवतो आणि दुसरी काढूनच घेतो. ती काढून घेणं मुलाला परकेपणा वाटू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पण मावशीला हे नुसतं समजावून भागणार नव्हतं. बोलता बोलता तिनं सांगितलं की शेवटच्या दिवसांत, बांबोळीच्या इस्पितळात, बहिणीनं तिचा हात धरून म्हटलं होतं, "तिला रडू देऊ नकोस." हिनं शब्द दिला होता. तेव्हापासून तनूचा चेहरा जरा उतरला की हिच्या छातीत धडधड व्हायची. बहीण जाऊन वर्ष होत आलं होतं आणि स्वतः मावशी अजून मनमोकळी रडली नव्हती; घरात तनू असते ना, म्हणून. बहिणीचे फोटोही कपाटात आत ठेवलेले. आमच्या पुढच्या दोन-तीन भेटी तनूबद्दल नव्हत्याच, या दोघी बहिणींबद्दल होत्या. कुठल्याच मुलाला न रडवता वाढवता येत नाही. ती रडेल तेव्हा जवळ बसायचं, एवढा शब्द मात्र पाळता येतो. बहिणीला तेच हवं असेल ना, असं मी विचारलं, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती स्वतःच पोरीला माझ्या दुप्पट ओरडायची."

त्यानंतर प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. आधी आजीचा फोन. पेडण्याच्या आजीनं तनूला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "बाय, माझे गुडघे गेले म्हणून तुला तिकडे पाठवलं. तू काही केलं नव्हतंस." तनूनं तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग घरातले नियम दोन्ही मुलांना एकत्र बसवून सांगितले, ताट धुण्यापासून. बक्षीसही सारखं, बोलणीही सारखी. धपाटा कुणालाच नाही. धाकट्याला घालत असलेलाही बंद, आणि त्याबद्दल मी मावशीला अजिबात सूट दिली नाही. "थांब, आजीकडे धाडते तुला" हे आपल्या घरांत सहज बोललं जातं. ज्या मुलाला एकदा खरोखर धाडलं गेलं आहे, त्याच्यासमोर ते वाक्य चुकूनही नको, भावंडाला उद्देशूनही नको. उपाशी ठेवणं नको, अबोला नको. तनूच्या उशाशी खाऊचा एक डबा ठेवायला सांगितला, तिच्या मालकीचा, रोज भरलेला. लपवायची गरज राहिली नाही तेव्हा तुकडे आपोआप बंद झाले.

आणि रागावणं. मावशीनं ते माझ्यासमोर अक्षरशः म्हणून बघितलं, कारण तिला जमत नव्हतं. "पैसे घेतलेस, मला राग आला आहे. ते परत ठेव. मग जेवायला ये, हुमण गार होतंय." चूक, राग, काय करायचं, आणि लगेच रोजचं घर. आपल्या पोटच्या मुलाला आपण नकळत असंच बोलतो. पहिल्यांदा ती तनूला असं बोलली त्या दिवशी तनू खोलीत जाऊन खूप रडली. मावशी दाराशी बसून राहिली. मला तिचा रात्री मेसेज आला, "ताई, रडवलं मी तिला." दुसऱ्या दिवशी तनूनं पाणी विचारून न घेता घेतलं.

धाकट्याचं दुःख या सगळ्यात कुणाला दिसलं नव्हतं. त्यानं मला सांगितलं होतं, "माझी आई तिला दिली." नात्यातलं मूल घरी येतं तेव्हा घरच्या मुलाला मोठेपणा शिकवण्याची घाई होते. ७ वर्षांच्या मुलाला मोठेपणा नको असतो, आई हवी असते. रविवारी सकाळी तो आणि मावशी दोघंच बाजाराला किंवा पोफळीच्या कुळागरात जायला लागले.

दत्तक मुलांच्या आईवडिलांकडूनही मी हेच वेगळ्या रूपात ऐकते. कारा या दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या यादीत वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते, मूल घरी आल्यावर त्याला 'नाही' म्हणणं देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर ते थोड्याच महिन्यांत घर डोक्यावर घेतं आणि आईला वाटतं, आपलं रक्त नाही म्हणून ऐकत नाही. याचा रक्ताशी काही संबंध नसतो. त्या वयाचं मूल 'नाही' हा शब्द कुठे खरा आणि कुठे खोटा हे शिकत असतं, आणि ते त्याला शिकवावंच लागतं.

तनूच्या बाबतीत गावातल्या काहींनी सुचवलं, दत्तकच घेऊन टाका. कायद्याने ते शक्य आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मामा, मावशी, काका, आत्या, आजी-आजोबा हे दत्तकासाठी नातेवाईक धरले आहेत, २०२१ च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि ५ वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. पण दत्तकाने जन्मदात्यांशी कायदेशीर नातं तुटतं. इथे वडील हयात आहेत, फोन करतात, पैसे पाठवतात, मुलीवर जीव आहे. त्या मुलीकडून आणखी एक नातं काढून घ्यायचं कशाला? वडील बोटीवर असताना शाळेत आणि इस्पितळात मावशीची सही चालावी, म्हणून वकिलाकडून मुखत्यारपत्र करून घ्या, एवढंच मी सुचवलं. ज्या घरात आई-वडील दोघंही नाहीत आणि आजी-आजोबा पेन्शनवर नातवंडं वाढवतात, त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिशन वात्सल्य योजनेची चौकशी जरूर करावी. निकषांत बसणाऱ्या मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. मदत मागण्यात लाज कसली? मूल तुम्ही वाढवताच आहात.

वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. चांगला माणूस. प्रत्येक कॉलच्या शेवटी ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुला घेऊन जाईन हां." कुठे नेणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या एका वाक्यानं तनू प्रत्येक खेपेला मावशीच्या घरातून मनानं उठत होती. आता ते सांगतात, "शाळा संपेपर्यंत तू मावशीकडे. मी सुट्टीला आलो की आपण पेडण्याला आजीकडे राहू." कमी गोड आहे, पण खरं आहे.

आता फोटो बाहेर आले आहेत. मावशी दोन्ही मुलांना बहिणीच्या गोष्टी सांगते, काजूच्या दिवसांत बिया वेचताना दोघी कशा भांडायच्या ते. तनू आता केस विंचरताना अशी वाद घालते की मावशीला राग येता येता हसू येतं, कारण बहीणही शब्दाला शब्द अशीच द्यायची. "घरात फार आवाज असतो आता," असं ती मागच्या वेळी म्हणाली, आणि ही तक्रार नव्हती. पैसे जाणं थांबलं आहे. शाळेत मारामारी अजून अधूनमधून होते.

असं मूल तुमच्या घरी असेल आणि ते आठवडे-आठवडे झोपत-जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, 'मलाही आईकडे जायचंय' म्हणत असेल, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मुलांच्या कुठल्याही संकटासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच.

तनूच्या वडिलांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सध्या चालू आहेत. घरात ती कुजबुजत होतात, आणि तनूला कुजबुज ऐकू येते. मी सांगितलं आहे की ठरायच्या आधी, वडील सुट्टीवर आले की त्यांनीच तिला समोर बसवून सांगावं, मावशीनं शेजारी बसावं, आणि तिचं राहण्याचं ठिकाण बदलणार की नाही हे त्याच बोलण्यात स्पष्ट करावं. ते मे महिन्यात येत आहेत.